हरलेल्या नोंदीचं काय?

डेटाबेस निवडायचा असला की आमच्या धंद्यात आधी एक टिपण लिहितात. पर्याय, गुणदोष, शिफारस आणि शिफारशीची कारणं. अशी टिपणं मी बरीच लिहिली आहेत. त्यांतलं कारण खोटं नसतं, पण खरं कारण त्यांत असेलच असंही नाही. मन आधी एकीकडे झुकतं आणि मग कारणं गोळा करायला बसतं. आणि कारणं काय, शोधली की मिळतातच.

आत्ता समोर आहे ते टिपण सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशाताईंसाठीच्या एका वेब ॲपचं. धडगाव-अक्कलकुव्याचा भाग. गरोदर बायांची नोंदणी, गृहभेटी, बाळांची वजनं. रेंज रस्त्याच्या एका वळणावर येते आणि पुढच्या वळणावर जाते. काही पाड्यांवर येतच नाही. म्हणून नोंद आधी फोनमध्ये राहील आणि ताई रेंजमध्ये आल्या की सर्व्हरकडे जाईल. मागणी एवढीच. शिफारशीची जागा मी अजून कोरी ठेवली आहे. ती भरण्याआधी आपल्याच मनाची उलटतपासणी घ्यावी म्हणून हे लिहितो आहे.

मला स्वतःला काय हवं आहे, इथूनच सुरुवात करू. उत्तर शोधावं लागत नाही: मला एसक्यूलाइट हवं आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली बांधलेला, सर्व्हरशिवाय एकाच फाइलमध्ये राहणारा हा डेटाबेस मला मनापासून आवडतो. ब्राउझरमध्ये तो पूर्वी एकदा ‘वेब एसक्यूएल’ या नावानं येऊन गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं त्याच्या प्रमाणीकरणाचं काम थांबवलं, कारण ज्यांनी ज्यांनी तो राबवला त्या सगळ्यांच्या पोटात एसक्यूलाइटच होतं आणि एकाच अंमलबजावणीवर प्रमाण उभं राहत नाही. फायरफॉक्सनं तो घेतलाच नव्हता. सफारीनं २०१९ मध्ये बंद केला, क्रोमनं २०२३-२४ मध्ये. त्याची जागा घेतलेली इंडेक्स्डडीबी २०१५ मध्ये प्रमाण झाली. गंमत अशी की फायरफॉक्स आणि सफारी यांनी इंडेक्स्डडीबीच्या खालीही एसक्यूलाइटच घातलं आहे. क्रोमनं लेव्हलडीबी नावाचं दुसरं साधन घातलं. आणि आता, इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या वेबअसेंब्लीच्या वाटेनं, खुद्द एसक्यूलाइट परत आलं आहे, ओपीएफएस नावाच्या ब्राउझरच्या खासगी फाइल-जागेत बसून.

ही सगळी कथा मी टिपणात लिहू शकतो. एसक्यूएल सगळ्यांना येतं, जॉइन करता येतात, वेग चांगला आहे, हे मुद्देही लिहीन. पण आशाताईंच्या कामाला जॉइन किती लागतात? एका आशेकडे ठरल्याप्रमाणे साधारण हजारभर लोकसंख्या, डोंगरी-आदिवासी भागात त्याहून कमी. त्यातल्या गरोदर माता आणि लहान बाळं मिळून जी यादी होते ती कुठल्याही डेटाबेसला चुटकीसरशी वाचता येईल. म्हणजे वेगाच्या तक्त्याचा रकाना शोभेचा. मग उरतं काय? उरतं हे, की मला ते करून बघायचं आहे. नवं आहे, जमलं तर चारचौघांत सांगता येईल, पुण्यातल्या एखाद्या मेळाव्यात भाषण होईल. यात गैर काही नाही. कामाची हौस असल्याशिवाय काम होत नाही. फक्त हौसेचं बिल कोणाच्या नावावर फाडतोय ते पाहायला हवं.

आता फोनकडे वळतो. ताई नोंद भरतात, बटण दाबतात, आणि माझं ॲप हिरव्या अक्षरांत सांगतं: ‘जतन झालं’. हे मी कशाच्या जोरावर सांगतो? इंडेक्स्डडीबीचा व्यवहार पूर्ण झाला, असं ब्राउझरनं मला कळवलं, म्हणून. पण २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १२१ व्या आवृत्तीपासून क्रोमनं इथला मूळ नियम सैल केला आहे. माहिती ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती दिली की व्यवहार पूर्ण धरला जातो. ती डिस्कवर खरोखर उतरली का, याची वाट पाहिली जात नाही. वेगासाठी हे ठीकच आहे, आणि ॲप नुसतं बंद पडलं तर काही बिघडत नाही. पण बॅटरी शेवटच्या टक्क्यावर असताना फोन धाडकन बंद झाला तर शेवटची नोंद जाऊ शकते. त्या डोंगरात फोन शेवटच्या टक्क्यावर असणं ही रोजची गोष्ट. कडक नियम मागून घेण्याची सोय आहे, कोडमध्ये एक शब्द घालावा लागतो. तो मी घालणार आहे. तो घालायचा हे मला हिरवी अक्षरं रंगवताना सुचलं नव्हतं, वेगळंच काही वाचताना दिसलं, हेही इथं नोंदवून ठेवतो.

याहून मोठी गोष्ट जागेची. ब्राउझरमधली साठवण ही मुळात उसनी असते. फोन भरत आला की ब्राउझर बराच काळ न वापरलेल्या साइटचा डेटा काढून टाकतो, आणि काढतो तेव्हा थोडाथोडा नाही, त्या साइटचा सगळाच्या सगळा. ओपीएफएसमधलं माझं लाडकं एसक्यूलाइटही त्याच नियमाखाली येतं. ‘हा डेटा काढू नकोस’ अशी विनंती करता येते. फायरफॉक्स ती वापरणाऱ्याला विचारतो, क्रोम स्वतःच्या अंदाजानं परस्पर मान्य किंवा अमान्य करतो. सफारीचा नियम तर २०२० पासून आणखी कडक आहे: सफारीच्या वापराचे सात दिवस त्या साइटला हात लागला नाही तर तिची साठवण पुसली जाते, होमस्क्रीनवर बसवलेलं ॲप मात्र त्यातून सुटतं. आमच्या ताईंकडे ॲन्ड्रॉइड फोन आहेत, तेव्हा सफारीचं कलम आपल्याला लागू नाही असं म्हणून मी पान उलटणार होतो. पण ताईंचा फोन कशानं भरतो? व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातांनी, नातवंडांच्या व्हिडिओंनी आणि वरून येणाऱ्या परिपत्रकांच्या पीडीएफांनी. क्रोमला त्या फोनमध्ये जागा करायची वेळ आली तर ती तो कुठून करेल, हे मला ठाऊक आहे.

इथंच मनाला टाळायचा असलेला प्रश्न येतो: हे वेब ॲप का आहे? नेटिव्ह ॲप केलं असतं तर एसक्यूलाइटची फाइल ॲपच्या स्वतःच्या जागेत राहिली असती, ब्राउझरच्या मर्जीवर नाही. वेब घेतलं कारण आमच्याकडची मुलं वेबची आहेत, एकदा लिहिलं की सगळीकडे चालतं, आणि सुधारणा प्ले स्टोअरच्या रांगेत न थांबता पोचवता येते. या सोयी आमच्या. यांतली तिसरी ताईंच्याही उपयोगाची आहे. पहिल्या दोन नाहीत. टिपणात तिन्ही ‘प्रकल्पाच्या गरजा’ या एकाच मथळ्याखाली बसल्या होत्या. मी पहिल्या दोन काढून ‘आमच्या मर्यादा’ असा वेगळा मथळा केला आहे. त्यानं निर्णय बदलणार नाही, पैसे आणि माणसं तेवढीच आहेत. वाचणाऱ्याला निदान कोणाची अडचण कोणाच्या माथी बसते आहे ते दिसेल.

ताई फोनमध्ये भरण्याआधी वहीत लिहितात. बाळाचं नाव, आईचं नाव, वजन, तापमान, पुढच्या भेटीची तारीख. रेघा मारलेली, कोपरे दुमडलेली वही, पिशवीत सर्वांत वर. एका ताईंना विचारलं, दोनदा कशाला लिहिता? त्या म्हणाल्या, “सर, फोन कधी काय करेल सांगता येत नाही. वही कुठं जाते?” मी हसलो आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मला आता खटकतो. ॲपनं नोंद घालवली तरी वही आहे, असा हिशेब मी आतल्या आत धरून चाललो होतो. म्हणजे माझ्या डेटाबेसची भरवशाची प्रत ताई रोज रात्री हातानं काढणार, बिनपगारी. आशांच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. नोंद पोचली नाही तर भेट झालीच नाही, असं धरलं जाण्याचा धोका त्यांचा. आम्ही लोक मात्र टिकाऊपणाच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहून मोकळे.

आता मुख्य गोष्ट. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवलेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि पुढं देशभर आशांच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशेनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. समजा सातव्या दिवशी ताईंनी झोळीच्या काट्यावर वजन केलं: १.९ किलो. त्याच दिवशी आई बाळाला घेऊन उपकेंद्रात गेली, तिथं आरोग्यसेविकेनं दुसऱ्या काट्यावर केलं: २.१. दोघींच्या फोनला रेंज नाही. संध्याकाळी दोन्ही नोंदी सर्व्हरवर येतात. कोणती ठेवायची?

आमच्यातला एक तरुण सहकारी म्हणाला, “सर, लास्ट राइट विन्स लावून टाकू. कॉन्फ्लिक्ट येणार किती? क्वचित.” म्हणजे ज्या नोंदीवरची वेळ नंतरची, ती राहील. सोपं आहे, आणि पुष्कळ ॲपं हेच करतात. पण वेळ कोणाची? फोनच्या घड्याळाची. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून ठेवलं आहे की एकमेकांपासून लांब असलेल्या यंत्रांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे घड्याळ पाहून सांगता येत नाही. रेंजबाहेर राहणाऱ्या, हातानं वेळ लावलेल्या फोनांचं तर विचारूच नका. ज्या ताईंचं घड्याळ दहा मिनिटं पुढं, त्यांचं वजन खरं.

आणि ‘क्वचित’ हा शब्द तर मला रात्रभर छळत राहिला. ज्या बाळाचं सगळं ठीक चाललंय त्याच्याकडे एकाच दिवशी दोन माणसं जात नाहीत. बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, वजन घटतंय, तेव्हाच आशाताई जातात, सेविका पाहते, कोणीतरी पुन्हा वजन करायला सांगतं. म्हणजे आमचा कॉन्फ्लिक्ट नशिबानं कुठंही पडत नाही. तो नेमका धोक्यातल्या बाळाच्या नोंदीवर पडतो. हजारांत एक असं म्हणून ज्याला आपण सोडून देतो तोच एक आपण हे ॲप ज्याच्यासाठी बांधलं तो असतो. सरासरीत विचार करायची सवय लागलेल्या माणसाला हे दिसत नाही. मलाही ते तक्ता भरताना दिसलं नाही, तक्ता बाजूला ठेवल्यावर दिसलं.

यासाठी मन काउचडीबीकडे वळतं. लोटस नोट्सवर काम केलेल्या डेमियन काट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस, आणि ब्राउझरमधलं त्याचं भावंड पाउचडीबी. या जोडीवर आफ्रिकेत आणि नेपाळमध्ये आरोग्यसेवकांसाठीचं ‘कम्युनिटी हेल्थ टूलकिट’ उभं आहे, म्हणजे आमच्यासारख्याच कामाला ती घासून पाहिलेली आहे. दोन नोंदी भिडल्या की काउचडीबीही एक विजेती निवडतो: जिच्यात फेरबदलांची साखळी लांब ती, बरोबरी झाली तर रिव्हिजनच्या खुणेचा क्रम पाहून. यात सत्याचा काही संबंध नाही. फायदा एवढाच की प्रत्येक यंत्र दुसऱ्याला न विचारता त्याच विजेतीवर येतं. पण हरलेली नोंद तो टाकत नाही. पूर्वी सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुनं नाव कंसात जायचं, खोडलं जायचं नाही, तशी ती कंसात राहते. कोणीतरी माणसानं येऊन निकाल देईपर्यंत राहते.

इथवर आल्यावर मला फार बरं वाटलं होतं. शिफारस लिहायला पेनही उचललं. पण या बरं वाटण्यातच पाणी मुरतंय. काउचडीबी हरलेली नोंद जपतो खरा, पण न विचारता तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. साधी नोंद मागितली की विजेती हातात देतो. कॉन्फ्लिक्ट आहेत का, असं वेगळं विचारावं लागतं, मग ते दाखवणारा पडदा बांधावा लागतो, तो कोणाला दाखवायचा ते ठरवावं लागतं, आणि ज्याला दाखवला त्याला वेळ असावा लागतो. हा पडदा आमच्या आराखड्यात ‘दुसरा टप्पा’ या सदरात आहे. दुसरा टप्पा म्हणजे काय हे सॉफ्टवेअरमधल्या कोणालाही समजावून सांगायला नको. म्हणजे होणार काय? डेटाबेस प्रामाणिक, आणि त्याच्यावर बसलेलं ॲप गप्प. मला मिळणार प्रामाणिकपणाचं समाधान आणि ताईंना मिळणार तीच लास्ट राइट विन्स, फक्त जास्त आदबीनं.

वेगवेगळ्या यंत्रांवर झालेले बदल आपोआप जुळवून घेणाऱ्या रचनांचा, म्हणजे सीआरडीटीचाही मोह होता. २०१९ मध्ये ‘इंक अँड स्विच’मधल्या मंडळींनी ‘लोकल-फर्स्ट’ या विचाराचा जो निबंध लिहिला तो वाचून मी भारावलो होतो. माहिती वापरणाऱ्याच्या हातात राहावी, सर्व्हर दुय्यम असावा, ही कल्पना आजही पटते. दोघांनी एकच मजकूर लिहायचा असेल तर ऑटोमर्ज, वायजेएस ही साधनं उत्तम. पण दोन वजनांचं काय जुळवणार? सगळ्या फोनांवर शेवटी एकच आकडा दिसेल, एवढीच त्यांची हमी. सगळीकडे सारखा दिसणारा चुकीचा आकडा दोन वेगळ्या आकड्यांपेक्षा जास्त घातक, कारण मग कोणी पुन्हा वजन करत नाही.

खरं तर या भांडणाचा मोठा भाग डेटाबेसमध्ये नाहीच. आम्ही बाळामागे एक दस्त ठेवला आहे, आणि वजन, लस, भेटी सगळं त्याच्याच पोटात. म्हणून सेविकेनं लस टिपली आणि ताईंनी वजन, तरी दस्त एकच असल्यानं दोघी भिडतात. प्रत्येक भेट हा स्वतंत्र दस्त केला, कोणी, कुठल्या काट्यावर, कधी, आणि जुना दस्त कधीच बदलायचा नाही असं ठरवलं, तर १.९ आणि २.१ शेजारी शेजारी उभे राहतात. दोन्ही खरे. दोन्ही २.५ च्या खालीच आहेत, डॉक्टरांना हवं ते कळलं. हे कुठल्याही डेटाबेसवर करता येतं. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, म्हणूनच बहुधा टिपणात याला जागा मिळत नव्हती.

आणि काही गोष्टी कशानंच सुटत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या पाड्यावर ताईंनी तिला तिसऱ्या महिन्यात नोंदवलं, सातव्यात ती माहेरी गेली, तिथल्या ताईंनी पुन्हा नोंदवलं. दोन फोन, दोन क्रमांक, बाई एकच. नावात आडनावाचा फरक. सिंक बिनचूक झालं तरी कागदोपत्री दोन गरोदर माता, त्यातली एक सासरहून कायमची ‘बेपत्ता’. याला दोन ताईंनी एकमेकींना फोन करणं हाच उपाय. ॲपनं फार तर म्हणावं, ‘या दोघी एकच असतील का?’, आणि उत्तराची वाट पाहावी.

गोपनीयतेची गोष्ट थोडक्यात, पण सोडून चालणार नाही. काउचडीबीत वाचण्याची परवानगी दस्तागणिक देता येत नाही, अख्ख्या डेटाबेसची देता येते. म्हणून सोय अशी की सगळ्या पाड्यांचा डेटा सगळ्या फोनांत ओतावा. फोन घरात मुलांच्या हातात असतो, आणि त्या नोंदींत गर्भपात आहेत, आजार आहेत. प्रत्येक ताईंसाठी वेगळा डेटाबेस ठेवणं कटकटीचं आहे. ती कटकट आमची आहे, तेव्हा ती आम्हीच करायची. त्यासाठी २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याचा दाखला द्यावा लागू नये.

तर शिफारस लिहिली आहे: काउचडीबी आणि पाउचडीबी, प्रत्येक ताईंचा वेगळा डेटाबेस, प्रत्येक भेटीचा वेगळा दस्त. एसक्यूलाइट मी काढलं, जरा जड मनानं. आईचा पत्ता, फोन, बाळाचं नाव अशा ज्या नोंदी बदलाव्याच लागतात त्यांच्यापुरता कॉन्फ्लिक्टचा पडदा पहिल्या टप्प्यात ओढला आहे आणि त्याच्या जागी वरिष्ठांना आवडणारे रंगीत आलेख दुसऱ्या टप्प्यात ढकलले आहेत. हे बैठकीत टिकेल याची खात्री नाही. आलेखांच्या बाजूनं बोलणारे त्या खोलीत असतील, ताई नसतील. पडदा कापला गेला तर मी शिफारस मागं घेईन की गप्प बसेन, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. पडद्याच्या कामासमोर किती दिवस लागतील तो आकडा मात्र लिहून टाकला आहे, आणि मंजुरी मिळावी म्हणून तो कमी करून दाखवलेला नाही.